मामाशिवाय मांडव

विरार (पश्चिम),
६ मे २०२५

प्रिय युजीन,

देवाच्या कृपेने आम्ही ठीक आहोत. तुम्हीही बरे असाल, आईच्या पायाची सूज उतरली असेल, असं धरून चालते. फोन केला असता, पण माझं नाव बघून तू पेचात पडला असतास. म्हणून हे पत्र भुईगावच्या कॅथरीनमावशीच्या पिशवीतून पाठवतेय. सुक्या बोंबलांच्या खाली लपवते म्हणाली, तेव्हा वास आला तर नाक मुरडू नकोस.

शनिवारी रिचेलचं लग्न. फुलं वटारहून सांगितलीत, हॉल बोळिंजचा. जावई केविन चांगला आहे. तुझ्या सेबेस्टियन भावोजींपेक्षा कमी बोलतो, हेच खूप झालं. मी मोरपंखी साडी घेतलीय.

बाकी गावचं काय सांगू. बंदरावर बर्फ नाही. मच्छीमार संघाने आमच्या गावाला तो बंद केल्यापासून दुपारपर्यंत मासळी मऊ पडते. बर्फ बंद, एकमेकांच्या लग्न-मयतीला जाणं बंद, हा ठराव सेक्रेटरी म्हणून तूच वाचलास. तुला दोष देत नाही. पाच गावांनी मासळी संघाच्याच काट्यावर घालायची, ठरल्या भावाखाली कोणी विकायची नाही, एवढा साधा नियम. त्यासाठी बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून गावोगाव हिंडले. आणि तो मोडला माझ्या सासरच्या गावाने.

गावाने म्हणते मी. चारचौघांत अजून तसंच म्हणते. खरं म्हणजे मासळीची पहिली पाटी आमच्याच होडीतून त्या बाहेरच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढली. सेबेस्टियनला म्हटलं, युजीनला मी काय तोंड दाखवू? तो म्हणाला, "आपन नाय दिली तर दुसरं गाव देनार. मग आपन काय पानी पिऊन बसायचं?" बघता बघता सगळं गाव त्याच्यामागे गेलं आणि तुमची पापलेटं काट्यावर पडून राहिली. आता तोच व्यापारी मनाला येईल तो भाव देतो आणि आम्ही मुकाट घेतो. आमच्याकडून दुसरं घेतंय कोण?

मला पुढचं काही दिसत नाही रे. चुकलो म्हणायला सेबेस्टियन तयार नाही, आणि उद्या म्हणाला तरी कोण विश्वास ठेवणार? मीच ठेवत नाही.

मावशी सांगत होती, तू सेक्रेटरीपद सोडून लग्नाला येणार आहेस. ऐकून मी मोरीत जाऊन रडले. आपल्यात मामाने हात धरल्याशिवाय नवरी घराबाहेर पडत नाही. रिचेल रोज विचारते, "मामा येनार ना गं?" मी हो म्हणते.

येऊ नकोस. भाचीसाठी तू मांडवात बसलास की तुमच्याकडे जो तो आपापलं कारण काढील, कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, आणि सगळे त्या टेम्पोमागे धावतील. बाबांचं तेवढंच उरलंय. आमच्या घराने मोडलं ते पुरे झालं.

रिचेलचा हात मीच धरीन. तू आजारी आहेस म्हणून सांगेन, ती काही मानायची नाही. आईला साडीचा रंग तेवढा सांग.

उत्तर लिहू नकोस. व्यवहार बंद म्हणजे त्यात पत्रही आलं.

तुझी, आणि त्या गावाचीही,
सालोमीताई