तळटीप नसलेली ओळ

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला आज चौथ्यांदा बसतेय. मध्येच उठते, लख्ख असलेला ओटा पुन्हा पुसते, परत बसते. जीव थाऱ्यावर नाही बघ.

बायबलच्या भाषांतर समितीचं काम परत सुरू झालंय, सुधारित आवृत्तीचं. तेच लांब टेबल, अध्यक्ष तेच पाळकबाबा. फक्त आता त्यांना कमी ऐकू येतं आणि ते तेही सोयीने वापरतात. मंगळवारी प्रेषिताच्या पत्रातली ती यादी आली, देवाच्या राज्यात कोणाला वाटा नाही ती. मी म्हटलं, यातला एक ग्रीक शब्द त्या पत्राआधी कुठे सापडतच नाही. कोणी म्हणतं पुरुषाशी निजणारा पुरुष, कोणी म्हणतं पोरांना नासवणारा, कोणी म्हणतं दुसऱ्याच्या लाचारीचा उपभोग घेणारा. तर मग खाली तळटीप द्या, अर्थ निश्चित नाही म्हणून. दोन तास वाद झाला. बाबा म्हणाले, लोकांना देवाचं वचन हवंय, आपल्या शंका नकोत. तळटीपेच्या बाजूने हात वर झाले दोनच, माझा आणि टंकलेखक बाईंचा. आणि बाईंना मताचा अधिकारच नाही!

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. ओळ पक्की करण्याआधी समितीबाहेरच्या एकाला वाचून दाखवायची आणि काय कळलं ते विचारायचं. सतरा वर्षांपूर्वी, पहिल्या आवृत्तीच्या वेळी, याच ओळीसाठी मी आळसाने घरातलाच श्रोता धरला. तू एकोणीस वर्षांचा, दारात सायकलची साखळी बसवत होतास. 'पुरुषाशी निजणारे पुरुष' असं मी वाचलं, काय कळलं ते विचारलं. वर न बघता तू म्हणालास, "कळलं." मी वहीत बरोबरची खूण केली आणि पुढची ओळ घेतली. महिन्याभरात तू घर सोडलंस. आईला मी सांगितलं, नोकरीसाठी गेलाय. ती बिचारी जाईपर्यंत तेच धरून बसली.

आता तू लिहितोस की पुढच्या रविवारी तू आणि तुझे मास्तर एकत्र घर मांडताय, ताईने जेवायला यावंच. आणि खाली ते वाक्य: "तुझा काय दोष, तुला तेव्हा कुठे ठाऊक होतं." त्या वाक्यापायी मी आठ दिवस येरझाऱ्या घालतेय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला ठाऊक होतं. ती शंका तेव्हाही माझ्या खर्ड्यात लिहिलेली होती. मी समितीत सगळ्यांत नवी होते, बाबांचा चेहरा बघितला आणि खोडून टाकली. तुझ्याबद्दलही ठाऊक होतं. वर 'आळसाने' असं लिहिलंय ना, ते खोटं आहे. मी मुद्दाम तुलाच वाचून दाखवलं, ऐकून तू बदलशील म्हणून. मला यायचंय रे, फार यायचंय. पण तू माफ केलंस ते काही ठाऊक नसलेल्या ताईला, आणि तशी ताई कधी नव्हतीच. हे सगळं वाचूनही ये म्हणालास, तरच येईन.

तुझीच, ठाऊक असलेली
ताई