कंप्युटरमधला झेंडू

बुधवार, दिवेलागणीची वेळ

माझ्या नातीचा, सईचा कंप्युटर आज मी बरा केला. मी, चौथीत शाळा सुटलेली.

दसऱ्यापासून तो घरघरायचा, तापायचा आणि मध्येच आपोआप बंद पडायचा. उद्या सकाळी तिची ऑनलाइन परीक्षा. महेश, माझा लेक, म्हणाला, "खोपटला दुरुस्तीच्या दुकानात टाकतो, पण आठवडाभर ठेवून घेतील." सई रडायलाच लागली.

मला ती घरघर ओळखीची वाटत होती. आपला मिक्सर नाही का, खाली काही अडकलं की असाच करतो, तापतो आणि बसतो.

म्हटलं, "महेश, वायर काढ आणि बाजूचा पत्रा उघड."

"आई, तो मिक्सर नाहीये."

"नसू दे. उघड तू."

उघडलं तर पंख्यात सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, वर चार अक्षता. दसऱ्याच्या पूजेला महेशनेच भलामोठा हार कंप्युटरच्या डोक्यावर ठेवलेला, सगळं वरच्या जाळीतून आत गेलं. सईच्या रंगाच्या ब्रशने मी एकेक पाकळी काढली.

चालू केला. घरघर नाही. सईने अख्खा सराव पेपर सोडवला, तरी बंद पडला नाही. महेश म्हणतो, "नशीब." नशीब कसलं मेल्या, कान लागतात त्याला.

सई म्हणाली, "आजी, उद्या पेपर संपेपर्यंत तू इथेच माझ्या बाजूला बस."

बसते की. नवं पातळ नेसून बसणार आहे.