तपकिरी बाटली

बुधवार, १८ नोव्हेंबर, सकाळी

चि. ठकू,

बाबाचे आशीर्वाद. पायाचं प्लॅस्टर अजून आठ दिवस आहे. तुझी आई बरी आहे, निदान माझ्यावर ओरडण्याइतकी तरी.

शनिवारी मुलींना घेऊन प्रयोगशाळेतलं जुनं कपाट आवरणार आहेस ना? ते रद्द कर. आजही आत कुणाला सोडू नकोस. आधी खोलीला कुलूप घाल, मग पुढचं वाच.

नववीसाठी काही कल्पना मागितल्या होत्यास. सायकलचा जुना डायनॅमो आण आणि पोरांनाच चाक फिरवू दे. दिवा लागला की मागच्या बाकावरचे टवाळसुद्धा पुढे येतात. लाल कोबी उकळून त्या पाण्यात लिंबू पिळ, दुसऱ्या ग्लासात खायचा सोडा टाक, रंग असे बदलतात की... जाऊ दे. टाळाटाळ चालली आहे माझी, तुला कळलंच असेल.

तू काल कपाटातून काढलीस त्या बाटलीत पिक्रिक अ‍ॅसिड आहे. ओलं असेपर्यंत ते गप्प असतं. वाळलं की नुसतं झाकण फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो. अकरा वर्षांपूर्वी तपासणी आली, तेव्हा मी नोंदवहीत ‘नष्ट केले’ लिहून सही ठोकली. रीतसर विल्हेवाट म्हणजे अर्ज, चौकशा, हेलपाटे, कोण निस्तरणार? मग दर महिन्याला मीच गुपचूप त्यात पाणी घालायचो.

निवृत्त झालो त्या दिवशी किल्ल्या तुझ्याच हातात दिल्या. हार, भाषणं, ‘सरांनी प्रयोगशाळा जिवापाड जपली’ वगैरे वगैरे. अगं, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. चार वर्षं त्यात कुणी पाणी घातलेलं नाही, आणि चार वर्षं तू रोज त्या कपाटाकडे पाठ करून शिकवतेस. लाज वाटते गं मला.

हे पत्र मुख्याध्यापकांना दाखव. मुलांना बाहेर काढा, पोलिसांना फोन करा, बॉम्ब निकामी करणारी माणसं बोलवा. ‘बाबांचं वय झालंय’ म्हणत मला पाठीशी घालू नकोस. सही माझी आहे.

शेजारच्या रिक्षावाल्याच्या हाती पत्र पाठवतोय. तू वाचेपर्यंत तो हलणार नाही. सकाळी फोन केला होता, तू ‘बाबा, वर्गात आहे’ म्हणालीस आणि मला चक्क हायसं वाटलं. फोनवर माझी जीभ रेटत नाही.

कालही रेटली नाही. झाकण निघत नाही, शिपाईकाका शनिवारी पक्कड आणतील, असं तू हसत सांगितलंस. मी विचारलं, “हलवून बघ, पाणी डुचमळतंय का?” तू लगेच हलवलीस.

“नाही बाबा, वाळू सरकल्यासारखं वाजतंय.”

मलाही ऐकू आलं ते. मी म्हणालो, “शाईची पूड असेल.”

ती तुझ्या हातात होती, ठकू, आणि तरीही मी सांगितलं नाही.

तुझा अपराधी,
बाबा