तेवीस मिनिटांचा कोट

प्रिय धाकल्या,

पाकिटातून पेनड्राइव्ह निघाला म्हणून हसशील. हस. तुझ्या फोनची जात वेगळी, माझ्या फोनची वेगळी, आणि दोघांचं जमवता जमवता तुझ्या ताईच्या नाकी नऊ आले. व्हिडिओ आहे तेवीस मिनिटांचा, बाबा दुकानात कोट कापतायत त्याचा. मेसेजमधून पाठवला तर तीनच मिनिटं गेली, तीही ओल्या काचेतून पाहिल्यासारखी. मेलने पाठवला, तर फाइल मोठी म्हणून जाईचना. मग लिंक केली. ती सात दिवसांची होती आणि तू आठव्या दिवशी उघडलीस! शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने हा दुतोंडी पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, "एक तोंड तुमच्या फोनचं, एक भावाच्या. मिटलं भांडण."

व्हिडिओत ते कापायचं टेबल दिसेल. आपलं अर्धं बालपण त्याच्याखाली गेलं. मी लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचे, तू चिंध्यांच्या ढिगात झोपून जायचास. बाबा वरून कात्रीची मूठ आपटून विचारायचे, "खाली कोण आहे? उंदीर की गिऱ्हाईक?" तू दर वेळी "गिऱ्हाईक!" म्हणून ओरडायचास. मग ते तुला टेबलावर उभं करून अगदी गंभीरपणे माप घ्यायचे, "साहेब, पोट आत घ्या," म्हणायचे. कच्चा धागा उसवायचं काम तुझं, कारण तुझी बोटं बारीक. पुढे तू दुकान नको म्हणालास, त्या दिवशी ते आधीच सपाट असलेल्या कापडावर नुसती इस्त्री फिरवत राहिले. मी तुझ्यावर किती चिडले होते तेव्हा! आता वाटतं, तुला जे करायचं होतं ते तू केलंस, आणि बाबांनाही ते कधीच पटलं होतं. सांगणार कोण?

बाकी इकडे ठीक. माझी लेक पोहायला शिकली. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ती धूसर तीन मिनिटं पाहून तू लिहिलं होतंस, "बाबांचा हात अजून काय सफाईने चालतो!" मी त्यांना वाचून दाखवलं. फार खूश झाले. मग म्हणाले, "तेवढंच पुरे. साफ नको पाठवूस. आणि त्याला काही कळवू नकोस." मी बरं म्हटलं. पण साफ पाहिलास की तुझ्या लक्षात येईल, ते कापडाकडे बघतच नाहीत. डावा अंगठा कापडावर ठेवलेल्या मापाच्या पुठ्ठ्याची कड चाचपत पुढे जातो आणि कात्री त्याच्या मागून येते. नजर चालली आहे रे त्यांची. गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. भरपूर उजेड असला तर अजून चेहरा ओळखतात, पण किती दिवस, ते कुणी सांगत नाही. हा कोट तुझा आहे. बाह्यांना कच्चे टाके घातलेत, ट्रायल बाकी आहे. पार्सलने पाठव, तिकडचा कुणी शिंपी पुरा करेल, असं त्यांचं म्हणणं. मी पाठवणार नाही. त्यांना दिलेला शब्द मोडलाच आहे, तर पुरता मोडते. तू ये. आणि दिवसा ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई