दहा हजार एकाची फोड

बेळगाव, ता. १० डिसेंबर १९११

ती. आप्पांच्या चरणी सुमनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. तिकडे मळणी आटोपली असेल. अर्जुन लखूदादापासून वेगळी चूल मागतो आहे, हे कळलं. दहा हजार एक या संख्येला बाकी न उरता भाग घालून दाखवा, मगच वाटणी करीन, असा शब्द तुम्ही दोघांना दिलात म्हणे. तुमची लाडकीच ती! डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच; माझे दोन मुलगे मला तसेच, असं म्हणायचात.

आप्पा, तिला भाग जातो हो. ह्यांच्या शाळेची पाटी घेऊन मी खटपट करत होते. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. आनंदानं उडीच मारली, आणि लगेच पाटी पुसून टाकली. माझं माहेर माझ्याच हातून मोडायचं का? तुम्ही म्हणाल तर तोंडाला कुलूप घालते. ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

लेकीवरची माया आहे तशीच राहू द्यावी.

बाजारकुणंग, ता. १८ डिसेंबर

चि. सौ. सुमन हीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

शाबास पोरी! खळ्याजवळच्या भिंतीवर कोळशानं भाग घालत मी एकाहत्तरापर्यंत गेलो आणि कंटाळून थांबलो. पुढची पायरी त्र्याहत्तरच होती! तुझ्या बापाचा आळस बघ. पुनःपुन्हा गुणून पाहिलं, बरोबर आहे. आणि हे दोन्ही तुकडे मूळ संख्या, त्यांना पुढं कशाचाच भाग जात नाही. म्हणजे ही फुटते ती एकाच रीतीनं. काय देखणी संख्या आहे ग!

लपवायचं मात्र नाही. दिला शब्द मी मोडणार नाही. पोरांना काल सांगून टाकलं, की संख्या जशी फुटली तसेच घराचे वाटे होतील. दोनशे दहा हिस्से करून एकाला त्र्याहत्तर, दुसऱ्याला एकशे सदतीस. कोणता कोणाचा, ते त्यांनी आपसात ठरवावं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद सांग, आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

बाजारकुणंग, ता. २९ डिसेंबर

ती. सौ. सुमनाक्कास अर्जुनचा सा. न. वि. वि.

मी महिनाभर पन्नाशीच्या आतच घुटमळत होतो. तुझ्यापुढं हात टेकले, अक्का.

मोठा वाटा मागायचा, असं ठरवूनच मी ओसरीवर बसलो होतो. तोंड उघडायच्या आत दादा आप्पांना म्हणाला, की मोटा वाटा अर्जुनाला द्या, त्येची पोरं ल्हान हाईत, आमी दोगंच, आमास्नी त्र्याहत्तर बास. मला मान वर करवेना. मग मीही हटून बसलो, की त्र्याहत्तर माझाच. लहान वाट्यासाठी आम्ही अगदी कडाक्यानं भांडलो! शेवटी रुक्मावहिनी आतून ओरडली, की तुमचं ठरंपतोर भात गार हुईल, आदी जेवून घ्या. जेवलो. आप्पा भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होते.

वाटणीचं मी सोडून दिलं. पण माझं डोकं तुला ठाऊक आहे, पुन्हा फिरायचं. तेव्हा तेवढीच मोठी, पण कशानंच न फुटणारी एक संख्या शोधून पाठव. राग नसावा.

बेळगाव, ता. ९ जानेवारी १९१२

चि. अर्जुनास अनेक आशीर्वाद.

दहा हजार सात. शंभराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येनं भागून पाहिली. दरवेळी बाकी उरते, आणि त्यापुढं बघायचं कारणच नाही; दोन्ही तुकडे शंभरावरचे धरले तर गुणाकार दहा हजार दोनशेच्या पुढं जातो. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. संक्रांतीला येते आहे, त्याच चुलीवरचं जेवायला.

तुझी अक्का