सहावीतून आठवीच्या गणिताला

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काल प्रताप नगरच्या एका शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या मला तुम्हीच आठवत होता. माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या गणिताच्या मॅडमनी आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. मला वाटलं, पोरीनं काही तरी फोडलं असणार. निघालं उलटंच. मॅडम म्हणाल्या, हिचं गणित वर्गाच्या पुढे पळतंय, तेव्हा तीन वाटा आहेत. गणिताच्या तासापुरतं सातवीत जाऊन बसायचं. नाहीतर उन्हाळ्यात सातवीचं गणित उरकून, परीक्षा देऊन, नवीन वर्षी थेट आठवीचं धरायचं. नाहीतर आपल्याच वर्गात राहून तेच धडे, पण उदाहरणं अवघड घ्यायची. नवरा चहात बुडवलेलं बिस्किट तसंच विसरला. "दुसरी वाट. थेट आठवी," तो म्हणाला, बाजारात मेथीची जुडी निवडावी तसा.

तुमच्या वेळी वाटा नव्हत्या, तुमचा हुकूम होता. नरखेडकडच्या आपल्या शाळेत मी सहावीत. तुमचं उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधी माझं उत्तर तयार, आणि उरलेला वेळ मी पुढे बसलेल्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधते आहे. तुम्ही खडू थांबवता. "काहून वं, माशा मारून राहिली का इथं? उद्यापासून माह्या आठवीच्या तासाले येऊन बस." ती शिक्षाच वाटून मी रडले. त्या वेळेला माझा चित्रकलेचा तास असायचा. आजही मला मांजर काढता येत नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, ही पोरगी कोणत्या नियमात बसते? तुम्ही म्हणालात, "नियमात नाही बसत साहेब, शेवटच्या बाकावर बसते."

त्या बाकावरून माझे पाय लोंबकळायचे. मोठी मुलं आधी हसली, मग परीक्षा जवळ आली तशी संत्री सोलून माझ्यापुढे फोडी ठेवायला लागली. मी फुगले. आणि मग एका समीकरणात अडकले. सगळ्यांना उत्तर आलं, संत्रीवाल्यांनासुद्धा, मला नाही. मला सहावीत परत पाठवा म्हणून मी हुंदके देत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसलात. "आता आली तू शाळेत. इतके दिवस नुसती येऊन-जाऊन राहिली होती." ते समीकरण मला समजेपर्यंत तुमची एसटी निघून गेली. बाबांनी तुम्हाला मोटारसायकलवर सोडलं, तर मागे बसून तुम्ही त्यांनाही तेच समीकरण समजावत गेलात. बाबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं मी काल मॅडमना रंगवून सांगितलं आणि पहिली वाट मागितली. नवरा दुसरीवर अडून. आमचं चांगलंच जुंपलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "मुलीला विचारलंत?" विचारलं नव्हतं. तिला बोलावलं, गुडघा खरचटलेला, घामानं भिजलेली.

"सातवीचं गणित आमच्या खो-खोच्या वेळी असते," ती म्हणाली.

"मग उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात मी पारशिवनीला आत्याकडे जाऊन राहिली ना! यंदाचं ठरलं आहे." मग जरा विचार करून, "तिसरंवालं द्या. पण खरंच अवघड द्या. तुम्ही अवघड म्हणता अन् सोपंच देता."

मॅडमनी हसत एक उदाहरण सांगितलं. पोरगी सुरू झाली आणि थांबली. वेणीचं टोक तोंडात, कपाळावर आठ्या. तिला अडकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. नवरा मदतीला सरसावला, मी त्याचा हात धरला. "अडकू दे तिला." सकाळची शाळा सुटली, तरी तिला सुटलं नाही. नवरा त्याच्या ऑफिसला गेला. ती माझ्या स्कूटरवर मागे, बोटानं माझ्या पाठीवर आकडे गिरवत. आणि आमच्या गल्लीत वळताना पाठीत असा काही दणका दिला तिनं, की मी दुधवाल्यावर जाणार होते. "आलं, आई! आलं!"

तिसरी वाट ठरली. नवऱ्यानंही मान्य केलं, जरा तोंड पाडून.

आज ती शाळेत गेल्यावर मी ते उदाहरण घेऊन बसले. मला येत नाही, गुरुजी. तिला विचारायची लाज वाटते, आणि तुम्हाला विचारावं, तर हे पाठवू कुठे?