हातावरचं दही

१ जुलै १९९४
शाळा उघडली. देवश्री गेली नाही!

गेल्या वर्षी हीच पोरगी के.जी.त जायला सगळ्यांच्या आधी तांग्यात चढून बसायची. आज नवा बस्ता, नव्या रिबिनी, चकचकीत बूट — आणि दाराशी येऊन चौकटीला जी चिकटली, ती तिच्या आईला आणि मला मिळूनही सुटेना. तांगेवाले चाचा बघत होते. शेवटी म्हणाले, "रहने दो दीदी, कल ले जाऊँगा."

माझी भावजय विनोदिनी बँकेत उशिरा पोचली. मी वीज मंडळात त्याहून उशिरा. तिथे अर्थात कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी अण्णांनी सोहळाच मांडला होता. "नात पहिलीत जाते आहे, खेळ नाही!" देवापुढे दिवा, कपाळाला कुंकू, हातावर दही. माधव नगरातून निघालेली पोर उज्जैनातच चार चौक पलीकडे जाणार होती की अटकेपार, कळेना.

२ जुलै
आजही नाही. पुन्हा दिवा, पुन्हा दही, पुन्हा चौकट.

सल्ले मात्र भरपूर. देशात सगळ्याचे भाव वाढले, सल्ला अजून फुकट आहे. शेजारच्या नंदाताई — "नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळा." त्यांचे मिस्टर — "केबल काढून टाका." त्यांच्या स्वतःच्या घरची केबल दिवसभर आमच्या भिंतीतून ऐकू येते.

५ जुलै
शाळेत जाऊन आले. मॅडम म्हणाल्या, "पापा घर पर नहीं हैं ना, इसलिए ज़िद्दी हो गई है. इस महीने नहीं आई तो नाम कट जाएगा."

जिभेवर उत्तर तयार होतं. छान होतं, धार लावलेलं. गिळलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात विनोदी लिहून मी अख्ख्या उज्जैनची खिल्ली उडवते, पण नाव कापायची कात्री मॅडमच्या हातात आहे.

पापा घरी नाहीत हे खरं. मिलला कुलूप लागल्यावर आल्हाद दोन वर्षं भटकला. मे महिन्यात नोकरीसाठी मस्कतला गेला. रविवारी नंदाताईंकडे त्याचा फोन येतो. देवश्री रिसीव्हर कानाला लावते आणि बोलत काहीच नाही. तिकडून माझा भाऊ नुसता "हॅलो, हॅलो" करत बसतो.

८ जुलै
वाईट सकाळ.

शकुन कमी पडतोय असं अण्णांचं निदान. म्हणून आज दह्याचा डोस दुप्पट, वर साखर. देवश्रीने मूठ घट्ट मिटली. अण्णा उघडायला गेले — दही फरशीवर! "अन्नाचा अपमान!" म्हणून अण्णा ओरडले. विनोदिनीने तिला एक धपाटा घातला, आणि मग स्वतःच बाथरूममध्ये नळ सोडून बसली. बराच वेळ.

"अहल्याताई," बाहेर आल्यावर म्हणाली, "मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?"

एकटी कशी, मी आहे ना, असं मनातच म्हणत मी फरशीवरचं दही पुसलं.

१० जुलै
रविवार. देवश्री कोपऱ्यात बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला चांगला फ्रॉक घातलेला, शेजारी रिकामी डबी — ती तिची पेटी. मग बाहुलीच्या हातावर पावडरचं बोट टेकवलं आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं.

"कुठे निघाल्या बाईसाहेब?"

"लांब."

"परत कधी येणार?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ऑफिसातल्या नव्या क्लार्ककडे बघते.

"आत्या, तिला दही दिलंय ना. दही दिलेले येतात का परत?"



या घरात तिने दही कुणाच्या हातावर पाहिलं? एकदाच. मे महिन्यात. बाबाच्या. आणि आम्ही शहाणी माणसं रोज सकाळी, देवासमोर, कुंकू लावून, तिच्या हातावर तेच ठेवत होतो!

११ जुलै
अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग मी काय करू आता?"

"तिच्या बुटाच्या लेस बांधा."

अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले. बांधल्या. दिवा नाही, दही नाही. देवश्रीने हात उलटेसुलटे करून पाहिले. रिकामे.

"आजोबा, घ्यायला येशील?"

"येईन."

"नक्की?"

"अगं, नक्की!"

गेली!! अण्णा शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून फाटकाशी उभे. चौकीदाराने हटकलं — "बाबूजी, एडमिशन तो बंद हो गए."

२० जुलै
तांग्यात पुढची जागा मिळावी म्हणून देवश्रीने एका मुलाला चिमटा काढला. तक्रार आली. तब्येत सुधारली म्हणायची.

३० जुलै
आज बूट घालून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "दही द्या. थोडंसं."

अण्णांनी चमचाभर हातावर ठेवलं. तिने डोळे मिटून चाटलं, औषध घेतल्यासारखं, आणि गेली. आज घ्यायला येऊ नका, असंही बजावून गेली.

दुपारी तांगा थांबला. मी अर्धी रजा टाकून दारातच. बस्ता घासत आत आली, कमरेवर हात ठेवले.

"आले! दही खाऊन पण आले!"

पाणी प्यायली. मग म्हणाली, "मम्मी आली की तिला सांग, बाबाला फोन लाव म्हणावं. त्याला माहीतच नसेल."

"काय?"

"की परत येता येतं."

संध्याकाळी विनोदिनीला जसंच्या तसं सांगितलं. ती पर्स घेऊन तशीच एस.टी.डी. बूथवर गेली.

९ ऑक्टोबर
आल्हाद येत नाहीये. त्या दोघीच मस्कतला जाताहेत. विनोदिनीने बँकेतून लांब रजा काढली, तिथे शाळाही मिळाली. उद्या निघणार.

संध्याकाळी उद्याच्या दह्याचं विरजण मीच लावलं. देवश्री ओट्याशी उभी राहून माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. मग माझी मिटलेली मूठ तिने हळूच उघडली.

"घाबरू नको आत्या. मी करून बघितलंय."